गार्डच्या डब्यामागे

१

जिन्याखालच्या त्या जागेला घरात ‘खोली’ म्हणायचे, ते केवळ तिला दार होतं म्हणून. दारापाशी माणूस ताठ उभा राहू शके. दोन पावलं आत गेलं की जिन्याचा उतार डोक्यावर यायचा, आणि पार मागच्या कोपऱ्यात तो जमिनीला टेकायचा. तिथला कचरा काढायला झाडू आडवा करून घालावा लागे.

साचेवाल्यानं खेळण्यातल्या आगगाडीसाठी हीच जागा धरली. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांची मापं त्याच्याकडे पाठवत, तो त्यांत प्लास्टर ओतून साचे काढी आणि साच्यांवर कवळ्या बसवी. म्हणून गल्लीत सगळे त्याला साचेवाला म्हणत. त्याच्या लेकीला अशी आगगाडी फार हवी होती. रूळ, स्टेशन, बोगदा, सगळं. “अगं पण जागा कुठाय?” असं तो दर वेळी म्हणायचा आणि ते खरंही होतं. जिन्याखाली तिची सायकल असायची, खेळण्यांची खोकी असायची, पुठ्ठ्याची घरं असायची. गेल्या थंडीत ती तापानं गेली. अकरा वर्षांची होती.

मग जागा झाली.

एवढ्याशा जागेत रूळ बसवायचे तर एकच उपाय होता. भिंतींच्या कडेनं कमरेइतक्या उंचीवर फळी फिरवायची, आणि मधे माणूस बसेल एवढं भोक ठेवायचं. दाराकडच्या बाजूला फळीचा एक तुकडा बिजागरीवर. तो उचलायचा, आत शिरायचं, स्टुलावर बसायचं आणि तुकडा पुन्हा खाली टाकायचा. मग रुळांचं कडं पुरं व्हायचं आणि त्याच्या मधोमध साचेवाला, तोंड दाराकडे, पाठ उताराकडे. गुडघे फळीखालच्या आडव्या पट्ट्यांत असे अडकत की मागे वळायची सोय नाही. डोकं मागे टाकावं तर जिन्याची पायरी लागे.

“दाजी, हे तर लोढणं झालं तुमच्या गळ्यात,” मेहुणा म्हणाला. तो वायरमन होता, आणि दिवे, बटणं, गाडीचा वेग कमीजास्त करायची खुंटी असं सगळं त्यानंच जोडून दिलं होतं. “बरं, मागे डोंगर कशाला? तिथं तुमचा हात धड पोचत नाही, नजर पोचत नाही.”

“म्हणूनच. जिथं काही करता येत नाही तिथं डोंगर करायचा.”

“लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात, तुम्ही आगगाडी काढा.”

डोंगरासाठी लागेल तेवढं नवं प्लास्टर वाया घालवणं साचेवाल्याला पटलं नाही. कामाच्या टेबलामागच्या फळीवर जुन्या साच्यांची रांग होती. कवळ्या केव्हाच तोंडांत गेल्या होत्या, कितीकांची तोंडंही गेली होती. त्यानं साचे पाटीत भरले आणि दगडांसारखे एकावर एक रचले. दातांची बाजू बाहेर ठेवली असती तर डोंगर हसल्यासारखा दिसला असता. म्हणून त्यानं सगळ्यांचे दात आत वळवले, पाठी बाहेर ठेवल्या, वरून प्लास्टरचा हात फिरवला, रंग दिला, भुशाचं गवत चिकटवलं. बोगद्याला दोन तोंडं ठेवली, एक उजवीकडे, एक डावीकडे. बोगदा लांबीला कोपरापासून मनगटापर्यंत भरला असता, जास्त नाही.

इंजिन छोटं, मागे दोन डबे. वळण इतकं आवळलेलं होतं की तिसरा डबा लावला की गाडी पडायची. शेवटच्या डब्याला त्यानं पाठीमागे लाल दिवा केला, पेन्सिलीच्या टोकाएवढा. तो गार्डचा डबा. गार्ड म्हणजे लेक. लहान असताना ती आईच्या वेणीचं टोक मुठीत धरायची, आई इंजिन आणि ती गार्ड, आणि दोघी अशा घरभर चालायच्या. वेणी ओढली की आई म्हणायची, “हळू गं.” वळण आलं की गार्ड शिट्टी मारायची. पुढचे दोन दात तेव्हा पडलेले. शिट्टी काही वाजायची नाही, नुसता वारा जायचा. फिस्स. एकदा साचेवाला गमतीनं तिचा खांदा धरून मागे लागला तर गार्डनं गाडीच थांबवली. “बाबा, गार्डच्या मागे काही जोडायचं नसतं. एवढंही माहीत नाही तुम्हाला?”

२

संध्याकाळी काम संपलं की तो चहाचा कप घेऊन आत बसायचा. फळी टाकायची, खुंटी फिरवायची. गाडी समोरच्या स्टेशनातून निघायची, उजव्या कोपराजवळून पाठीमागे जायची, डोंगरात शिरायची आणि डाव्या कोपराजवळून बाहेर यायची. बोगद्यात ती असेपर्यंत चहाचा एक घोट. तो घशाखाली उतरेस्तोवर इंजिन डावीकडे हजर. असा त्याचा नेमच पडून गेला होता. ही दिवसातली एकच वेळ होती जेव्हा त्याच्या छातीवरचं काहीतरी थोडं सैल व्हायचं. जी गाडी जाते ती येते, एवढं बघायला मिळायचं.

एके दिवशी घोट घेतला, गिळला, कप खाली ठेवला आणि गाडी आली नव्हती.

मग आली. नेहमीच्याच चालीनं, दिवा लावून.

रुळांवर प्लास्टरची धूळ बसली असेल, असं त्यानं धरलं. दुसऱ्या दिवशी डोंगर कडेनं उचकटून रूळ पुसून काढले. गाडीला तरीही उशीर झाला. चहा गरम म्हणून आपण घोट लवकर घेतला असेल. त्यानं चहा निवू दिला. उशीर झालाच. चाकं, जोड, तारा, एकेक करून त्यानं सगळं काढलं आणि बसवलं. शेवटी मेहुण्याला बोलावलं.

मेहुण्यानं मीटर लावला, तारा हलवल्या, गाडी स्वतः चालवून पाहिली. तो दारात उभा राहून चालवत होता. भोकात बसायला त्याचं पोट आड येई. दारातून बघताना गाडी वेळेवर येत होती.

“चांगली पळतेय की.”

“मी आत बसलो की उशीर करते.”

“बोगद्यात गाडी लेट! अहो, म्हणजे तुमची रेल्वे खरी झाली दाजी. आता फक्त चौकशीची खिडकी काढा आणि तिथं कुणी बसवू नका.” हसता हसता त्यानं साचेवाल्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू आवरतं घेतलं. “झोप येते का तुम्हाला?”

“येते.”

“ताईला येत नाही,” मेहुणा म्हणाला. “ती दिवसभर शिलाई मशीनवर असते आणि तुम्ही इथं. जेवताना तरी बोलता का एकमेकांशी?”

बोलण्यासारखं होतं ते साचेवाल्याला सांगता येण्यासारखं नव्हतं. उशीर झाला एवढंच नव्हतं. गाडी पाठीमागे गेली की तिचा आवाज लांब जायचा. बंद डब्यात आवाज दबतो तसा तो दबत नव्हता. मोकळ्यावरून गाडी दूर जाते, रात्रीच्या माळावर जशी ऐकू येत राहते, तसा तो जायचा. आणि मग त्या लांबून, वळणाच्या जागी, फिस्स.

ब्रश झिजला असेल. इंजिनातल्या मोटरला वीज पोचवणारा ब्रश झिजला की असा आवाज येतो. त्यानं ब्रश बदलला.

३

तो घराबाहेर जाऊन भिंत बघून आला. जिन्याचा उतार जिथं टेकत होता त्याच्या पलीकडे रस्ता होता. पलीकडच्या अंगाला कुणीतरी सायकल टेकवून ठेवली होती. भिंत त्यानं बोटाच्या सांध्यानं वाजवून पाहिली. भरीव. सायकलवाला आला आणि म्हणाला, “काय, गळतंय का कुठं?” साचेवाला म्हणाला, “नाही, बघत होतो.” उतारवयाकडे झुकलेला माणूस स्वतःच्याच घराची भिंत बाहेरून ठोठावतो, हे कसं दिसत असेल ते त्याला कळत होतं.

राहिला बोगदा. तो मोजायची एक साधी रीत होती. भोकात बसायचं, पाठीत काही खाजवायला नेतो तसे दोन्ही हात मागे न्यायचे, एक उजव्या तोंडातून आणि एक डाव्या तोंडातून आत घालायचा. मधे बोटाला बोट लागतं. हे त्यानं रूळ बसवताना कितीदा केलं होतं.

गाडी स्टेशनात उभी केली. खुंटी बंद केली. हात मागे नेले. मनगटं प्लास्टरच्या कडेला घासली आणि आत बोटांना दात लागले. अनोळखी माणसांच्या दाढा, सुळे, मधल्या फटी. इतकी वर्षं ज्यांत काम केलं तेच दात, पण न बघता हाताळताना निराळे लागत होते. तो बोटं पुढे सरकवत गेला. खांदे दुखायला लागले.

बोटाला बोट लागलं. त्याला हायसं वाटलं. लहानसं, थोडं ओलसर, नखाची कड तीक्ष्ण.

मग त्याच्या लक्षात आलं की बोट लागलं ते उजव्या हाताला. डाव्या हाताला अजून काहीच लागलं नव्हतं.

तो हलला नाही. डावा हात हळूहळू बाहेर काढला, समोर आणला, फळीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसला. पाचही बोटं होती. उजव्या हाताचं बोट आत अजून कुणाच्या तरी बोटाशी टेकलेलंच होतं. दाबत नव्हतं, ओढत नव्हतं. नुसतं होतं. किती वेळ गेला त्याला सांगता आलं नसतं. स्वयंपाकघरात कढईचं झाकण पडलं, आणि मग तिथं काही राहिलं नाही.

दिवसभर दिव्यावर मेण वितळवत काम करणाऱ्याच्या बोटांना बधिरपणा येतो. एका बोटाची जाणीव दुसऱ्याला होते. हे त्याला ठाऊक होतं, धंद्यातल्या पुष्कळांना होतं. त्यानं हे कारण मनाशी दोनतीनदा म्हटलं. भीती वाटत होती हे खरं, पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं, त्याची त्याला जास्त भीती वाटली. त्याला पुन्हा हात घालायचा होता.

४

“मी आज जातेय,” बायको म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या खोक्यात भरत होती. तिच्या भावानं आपल्या घराची मागची बाजू त्यांच्यासाठी रिकामी करून दिली होती. ठरून महिना झाला होता. “तुम्ही याल असं धरून तुमचे कपडे घेतलेत. नाही आलात तर परत पाठवीन.”

“येणार नाही असं कधी म्हटलं?”

“येणार असंही म्हटलं नाहीत. मला या घरात जीव नकोसा होतो, एवढं मी सांगितलंय. मशीन थांबलं की घर ऐकू येतं.” तिनं खोक्याचं झाकण दाबलं. “तुम्हाला तो बोगदा सोडवत नाही. मला कळत नाही असं समजू नका.”

साचेवाल्यानं खोकं बांधायला दोरा उचलला. बरोबर जावं तर पाठीमागचं ते बोट इथंच राहणार. थांबावं तर ही गेली. आणि ही एकटी कशी राहील, काय खाईल, हे तो डोळ्यांपुढे आणूच शकत नव्हता. इकडे आड, तिकडे विहीर असं लोक म्हणतात. त्याच्या दोन्हीकडे माणसं होती.

“तिचा साचा तेवढा द्या,” बायको म्हणाली. “तो मी माझ्याजवळ ठेवणार.”

“कुठला?”

“असं काय करता? पुढचे दात पडले होते तेव्हा तुम्हीच माप घेतलं होतं तिचं. रडली नाही म्हणून बक्षीस द्या म्हणाली होती.”

“तो तुझ्या मशीनजवळ होता. खिडकीत.”

“खिडकीत बघवेना. मीच ठेवला तुमच्या फळीवर. बाकीच्यांच्यात. भिंतीकडे तोंड करून.”

साचेवाल्यानं हातातला दोरा खाली ठेवला. प्रत्येक साच्याच्या बुडाशी तो रोग्याचा आकडा लिहायचा. डोंगर रचताना एक लहान साचा हाताला लागला होता, त्याच्यावर आकडा नव्हता. कुणाचा म्हणून त्यानं तो उलटून पाहिला नव्हता. फट बुजवायला नेमका बसला, म्हणून लावून टाकला होता. बोगद्याच्या वळणावर, मधोमध.

“काय झालं?”

“डोंगरात आहे.”

बायको त्याच्याकडे बघत राहिली. “दात आत करून?”

“सगळ्यांचेच आत आहेत.”

तिनं वेणी पाठीवर टाकली आणि जिन्याखालचं दार उघडलं.

५

बाहेर टेम्पो लागला होता. मेहुणा आणि ड्रायव्हर मशीन उचलत होते. “अरे, पायाकडून धर, पायाकडून! माणूस उचलतोयस का?” असं मेहुणा ओरडत होता. दुपारचं ऊन दारातून सरळ आत, रुळांपर्यंत आलं होतं.

इतके महिने बायको त्या खोलीत आली नव्हती. आता ती न विचारता फळी उचलून आत गेली, स्टुलावर बसली, फळी खाली टाकली.

“हात मागे जात नाही पार,” ती म्हणाली.

“थांब, मी डोंगर फोडतो. हातोडी आणतो.”

“फोडू नका. ही चालते कशी ते आधी दाखवा. तिच्यासाठी केलीत ना? मग एकदा बघू तर द्या.”

त्यानं दारातूनच हात लांबवून खुंटी फिरवली. गाडी निघाली. बायकोच्या उजव्या कोपराजवळून मागे गेली. लाल दिवा दिसेनासा झाला. आवाज लांब गेला.

आज तो दारात होता, तरीही आवाज लांब गेला.

“किती सुंदर केलंत हो,” बायको म्हणाली. मग तिनं कान दिला. मान किंचित मागे झुकली. थोडी आणखी झुकली. वर बघायला झुकते तशी नाही. मागून कुणीतरी हलकेच खेचावं तशी. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते साचेवाल्यानं थंडीपासून पाहिलं नव्हतं.

“हळू गं,” ती म्हणाली.

“कुणाशी बोलतेस?”

“अहो, हळू बोला.”

फिस्स.

तो फळीवर ओणवा झाला. तिच्या खांद्यावरून मागे पाहता येईल इतका. ज्या बाजूला तो स्वतः कायम पाठ करून बसला होता, ती बाजू बसल्या माणसाच्या अंगावरून त्यानं पहिल्यांदाच पाहिली. वेणी पाठीवर लोंबत नव्हती. ती सरळ, आडवी, सुतासारखी ताणलेली होती, आणि तिचं टोक बोगद्याच्या उजव्या तोंडातून आत गेलं होतं. आत काळोख होता. काळोखात फार लांब, इतक्या लांब की त्या डोंगरात मावणार नाही, लाल दिवा उभा होता. आणि दिव्याच्या अलीकडे, वेणीच्या टोकाशी, काहीतरी पांढुरकं, मुठीएवढं, वळलेलं होतं.

वेणी आणखी थोडी आत गेली. स्टूल मागे सरकलं. बायकोनं फळीला हात लावला नाही. उलट हात मांडीवर ठेवले, गाडी सुटताना ठेवतात तसे.

“चल,” ती म्हणाली. त्याला नव्हे.

दाराशी शिवणाच्या सामानाचं खोकं होतं. वरच तिची मोठी कात्री होती. साचेवाल्यानं ती उचलली, फळीवर आडवा झाला, तिच्या मानेमागे हात घातला आणि वेणी कापली. जाड वेणी, एका दमात कापली गेली नाही. तो कापत राहिला. कापलेला शेपटा खाली पडला नाही. तो आत गेला, सावकाश, कुणी दोरी गोळा करत चालावं तसा.

गाडी डावीकडून बाहेर आली. स्टेशनात येऊन थांबली. खुंटीला कुणी हात लावला नव्हता.

बायकोनं मानेवरून हात फिरवला. अर्धवट कापलेले केस गालावर आले होते. ती रागावली नाही, ओरडली नाही. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं जसं पाहुण्यासमोर चुकलेल्या माणसाकडे बघतात.

“घाई केलीत,” ती म्हणाली.

६

डोंगर नंतर मेहुण्यानं फोडला. रूळ आणि डबे पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून आणून दिले. साचे सगळे बघितले म्हणाला, लहान मुलाचा एकही नव्हता. “एका ठिकाणी प्लास्टरमधे खळगा होता बघा, दाजी. काहीतरी बसवलेलं असावं तसा. पण आत काही नाही.” केसांचं तो काही बोलला नाही आणि साचेवाल्यानं विचारलं नाही. खोकं कपाटावर आहे. उघडलेलं नाही.

नवं घर बैठं आहे. खोल्या एकमेकींत उघडतात. स्वयंपाकघरातून निघालं की मधली खोली, तिथून निजायची, तिथून पडवी, आणि पडवीतून पुन्हा स्वयंपाकघर. बायकोला झोप येते आता. जेवते, भावाशी थट्टा करते. केस तिनं खांद्यापर्यंत सारखे करून घेतले. “ताई बरी झाली दाजी, जागा बदलली की फरक पडतो,” मेहुणा म्हणतो, आणि साचेवाला हो म्हणतो.

संध्याकाळी काम आवरलं की ती घरातून फिरते. कपडे उचलते, दिवे लावते, खिडक्या ओढते. तिची चाल पूर्वी तुरतुरीत होती. आता ती सावकाश चालते, मान थोडी मागे. दार आलं की लांबून वळण घेते, मागचं कुणी चौकटीवर आपटू नये म्हणून घेतात तसं. मधेच थांबते, मग पुन्हा निघते.

एकदा तो पडवीतून तिच्या मागोमाग येत होता. अगदी जवळून, सवयीनं. ती तिथल्या तिथे थांबली. वळली नाही, काही बोलली नाही. नुसती थांबून राहिली, तो मागे सरकेपर्यंत. मग चालू लागली, आणि कोपऱ्यावर, जिथं ती वळली त्याच्या जरा मागे, हातभर खालून, तोच आवाज आला.

तेव्हापासून ती फिरायला लागली की साचेवाला भिंतीशी उभा राहतो आणि तिला जाऊ देतो. ती गेली की तिच्या मागची ती एवढीशी जागाही जाऊ देतो. पाय उचलावासा वाटतो, हात पुढे करावासा वाटतो. तो करत नाही. त्याला सांगून ठेवलेलं आहे.